इंजिन ठोकतंय? खोलण्याआधी हे वाचा : इंजिन काम करायचं की इंजिन बदलायचं?



दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघतं, मागोमाग तूर, कांदा, ऊस. माल लातूर, बार्शी, सोलापूरला न्यायचा म्हटलं की घरची पिकअप, जीप नाहीतर छोटा टेम्पो लागतो. नेमकं त्याच दिवसांत बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतो : "इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येतोय, मिस्त्री म्हणतो इंजिन काम करावं लागेल. करू का? की जुनं इंजिन आणून बसवू? की गाडीच काढून टाकू?"

आजचा संदेश यावरच आहे. थोडा लांब आहे, पण यात लाखभर रुपयांचा हिशोब आहे. निवांत वाचा आणि जपून ठेवा.

*दोनच गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा :*
👉 आवाज नेमका कुठून येतोय हे कळल्याशिवाय इंजिन खोलू द्यायचं नाही.
👉 इंजिन खोललं, तर मापं घेतल्याशिवाय "करायचं की बदलायचं" हे ठरवायचं नाही.

*१) 🛑 सगळ्यात आधी : गाडी चालवायची की जागेवर थांबवायची?*

मीटरवर ऑइलच्या किटलीचं लाल चिन्ह लागलं असेल आणि सोबत ठोका येत असेल, तर गाडी बाजूला घ्या आणि *लगेच बंद करा.* "गावापर्यंत जाऊ, मग बघू" असं करू नका. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो थर गेला की धातूवर धातू घासतो. अशा वेळी पाच-दहा किलोमीटर गाडी रेटली, तर बेरिंगवर भागणारं काम क्रँकवर जातं. त्यातही रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला, तर इंजिन भंगारात जातं. टोचण करून गाडी आणायला दोन-तीन हजार लागले तरी ते स्वस्त पडतात.

थांबल्यावर गाडी सपाट जागी घ्या, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि ऑइलची पट्टी ओढून बघा :
• ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल, तर त्याच ग्रेडचं ऑइल भरा. ऑइल कमी पडल्यानेच आवाज येत असेल तर तो जाईलही. पण ऑइल गेलं कुठे, हे शोधावं लागेल. बाहेर गळतंय की आत जळतंय?
• ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. हेड गॅस्केट, हेड किंवा ऑइल कूलर बघावा लागेल. गाडी चालू करू नका.
• ऑइलची पातळी आपोआप वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल बेरिंगला वाचवू शकत नाही.
• ऑइल बोटांवर घेऊन उन्हात धरा. जरीसारखी चमक दिसली तर ती बेरिंगची धातू आहे. मग आवाजाचा उगम बहुधा इंजिनाच्या खालच्या भागातच आहे.

लाल चिन्ह नाही, ऑइल बरोबर आहे, आवाजही हलका आहे, तर गाडी रिकामी, सावकाश गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. माल भरून घाट चढवायचा नाही.

*२) 👂 आवाज ओळखा*

प्रत्येक टकटक म्हणजे इंजिन गेलं असं नाही. डिझेल इंजिनाचा थोडा कडक आवाज मूळचाच असतो, सकाळी गार असताना तो जास्त असतो. टाटा एससारख्या २ सिलिंडरच्या डिझेल गाडीचा आवाज ४ सिलिंडरच्या गाडीपेक्षा वेगळाच येणार. तुमच्या गाडीचा रोजचा आवाज तुम्हालाच माहीत आहे. त्यात *नवीन काय आलं* ते ऐका.

*अ) वरून, हलकी "टिक-टिक-टिक"* : बहुधा टॅपेट. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून हा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांच्या मानाने सावकाश आणि एकसारखा येतो. टॅपेट सेटिंग करून घ्या. हे छोटं काम आहे.

*आ) कडक, धातूचा "टण-टण", गाडी ओढताना जास्त* : बहुधा नोझल (इंजेक्टर), डिझेलचं टायमिंग किंवा डिझेलमध्ये भेसळ-पाणी. एखाद्या पंपावर डिझेल भरल्यापासून आवाज सुरू झाला असेल, तर आधी फिल्टरखालचं पाणी काढा आणि फिल्टर बदला. नोझल खराब झालं की रॉड बेरिंगसारखा हुबेहूब आवाज येतो. चांगलं इंजिन उगाच खोललं जातं ते बहुतेक वेळा इथेच.

*इ) गार असताना पोकळ "खट-खट", गरम झाल्यावर कमी* : पिस्टन लायनरमध्ये ढिला झालाय. हे झिजीचं लक्षण आहे, पण आजच गाडी बंद पडेल असं नाही. ऑइल किती खातं यावर लक्ष ठेवा, हंगाम निघू शकतो.

*ई) खालून, जड "ठक-ठक", रेस केली की वाढणारा* : कनेक्टिंग रॉडचं बेरिंग. रेस करून पाय सोडला की त्या क्षणी आवाज जास्त स्पष्ट येतो. हा ठोका धोक्याचा आहे. *गाडी बंद.*

*उ) अगदी खालून, दबका "धड-धड", लोड आल्यावर* : क्रँकचं मेन बेरिंग. ऑइलचं प्रेशरही उतरलेलं असतं. *गाडी बंद.*

*ऊ) पुढून, चेनची "खळखळ", चालू करताना जास्त* : टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. १२४८ सीसीचं १.३ लिटर डिझेल इंजिन आपल्याकडे स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा अशा अनेक जुन्या गाड्यांत आहे. त्यात बेल्ट नसून चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन ढिली पडते. आवाज वाढला तर थांबू नका. चेन सुटली तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात.

*ए) इंजिनाबाहेरचे आवाज* : इंजिनाचं फाउंडेशन रबर, सैल पुली, अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, सायलेन्सरचा क्लॅम्प, क्लच आणि फ्लायव्हील. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर आधी क्लचकडे बघा. मिस्त्रीने फॅन बेल्ट काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवून बघितलं आणि आवाज गेला, तर दोष बेल्टवर चालणाऱ्या भागांत आहे, इंजिन शाबूत आहे.

*पेट्रोल गाडी असेल तर :* चढाला रेस दिल्यावर काचेच्या गोट्या हलवल्यासारखा आवाज येत असेल, तर पेट्रोल वेळेआधी पेटतंय. कारणं : इंजिन जास्त तापणं, आत साचलेला कार्बन, चुकीचा प्लग, टायमिंग, नॉक सेन्सर. "पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं म्हणून ठोका येतो" असं बरेच जण म्हणतात. पण इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हा ठोका इथेनॉलने उलट कमी व्हायला हवा. कारण दुसरीकडे शोधा.

*३) 📱 मोबाईल वापरा, पण मर्यादा ओळखून*

तीन छोटे व्हिडिओ करा, प्रत्येकी १५-२० सेकंदांचे : पहिला सकाळी गार इंजिन चालू करतानाचा, दुसरा गरम इंजिन रेसशिवाय चालू असतानाचा, तिसरा हळूहळू रेस वाढवून सोडतानाचा. मीटरवरचे दिवेही व्हिडिओत येऊ द्या. हे दोन वेगवेगळ्या मिस्त्र्यांना दाखवा. (लाल चिन्ह लागलेलं असेल तर व्हिडिओसाठीही गाडी चालू करू नका.)

मोबाईलचा माइक वरचे कडक आवाज चांगले पकडतो, खालचे जड आवाज नीट पकडत नाही. म्हणजे टॅपेट मोबाईलवर मोठा वाटेल आणि मेन बेरिंग ऐकूच येणार नाही. त्यामुळे फक्त व्हिडिओवरून कुणी "फुल इंजिन काम" सांगितलं तर ते अंतिम धरू नका.

मिस्त्री लांब पेचकस इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावतो, ती पद्धत चांगली आहे. तुम्ही स्वतः करणार असाल तर गळ्यातलं उपरणं, गमछा, ओढणी, पदर आधी बाजूला ठेवा. फिरत्या फॅन-बेल्टमध्ये कापड अडकून जीव गेल्याच्या घटना घडतात.

*४) 🔧 खोलण्याआधी या पाच तपासण्या मागा*

यांचा खर्च इंजिन कामाच्या मानाने किरकोळ असतो. "याची गरज नाही, मला आवाजावरून कळतं" असं कुणी म्हणालं तरी आग्रह धरा.

*१. सिलिंडर तोडून बघणे.* एकेका सिलिंडरचं डिझेल बंद करून आवाज ऐकायचा. एखादा सिलिंडर तोडल्यावर ठोका कमी झाला, तर दोष त्याच सिलिंडरच्या नोझलमध्ये किंवा रॉड-पिस्टनमध्ये आहे. मग त्या नोझलची जागा शेजारच्या नोझलबरोबर बदलून बघता येते. ठोका नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागीच राहिला तर आतलं काम.
⚠️ जुन्या साध्या पंपाच्या गाडीत मिस्त्री पाइपचा नट ढिला करून हे करतो. *कॉमन रेल गाडीत पाइपला हात लावायचा नाही.* त्यात डिझेलचं प्रेशर हजार बारच्या वर जातं, फवारा कातडी फोडून आत शिरतो. तिथे हे काम स्कॅनर लावूनच करायचं. नोझलची अदलाबदलही स्कॅनरवर कोड टाकल्याशिवाय चालत नाही.

*२. ऑइल प्रेशर.* लाल दिव्यावर विसंबू नका, तो प्रेशर फारच उतरल्यावर लागतो. हाताने लावायचं गेज लावून, इंजिन पूर्ण गरम असताना बघा. ढोबळ हिशोब असा की दर १००० फेऱ्यांना साधारण १० पीएसआय तरी मिळावेत. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो, तोच धरा.

*३. कॉम्प्रेशन.* सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर दोष त्या एकट्यात आहे. सगळेच सारखे खाली असतील तर इंजिन सगळीकडून झिजलंय.

*४. ऑइल फिल्टर कापून बघणे.* जुना फिल्टर कापून कागद पसरवा आणि लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड-पोलाद. न चिकटणारा तांबूस किंवा चांदीसारखा कीस दिसला तर तो बहुधा बेरिंगचा मुलामा. फिल्टर साफ असेल तर बेरिंग गेल्याचा निष्कर्ष घाईने काढू नका.

*५. ब्लो-बाय.* इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सावकाश उघडा. भकाभक धूर येत असेल तर रिंग-लायनर झिजलेत. हलकी वाफ चालते.

*५) 📏 खोलल्यावर : मापं कागदावर घ्या*

इंजिन खोलायचं ठरलं तर मिस्त्रीशी आधीच बोली करा : *खोलणं आणि मापं घेणं एवढंच आधी, पुढचं काम अंदाजपत्रक बघून.* आपल्या जिल्ह्यातून क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगसाठी बरेच जण लातूर किंवा सोलापूरला जातात. क्रँक पाठवून देऊ नका, जमलं तर सोबत जा. लेथवाल्याकडून चिठ्ठी लिहून घ्या :

• *क्रँक :* प्रत्येक जर्नलचं माप, गोलाई, चीर आहे का. बेरिंग स्टँडर्ड आणि त्यानंतर ०.२५, ०.५०, ०.७५ मिमी अशा मापांत येतात. गॅरेजमध्ये त्यालाच १०, २०, ३० नंबर म्हणतात. तुमचा क्रँक आधी २० नंबरला घासलेला असेल तर पुढे जागा कमी उरली. काही नव्या इंजिनांचे क्रँक घासता येत नाहीत किंवा त्यांचे मोठे बेरिंग मिळत नाहीत, ते आधी विचारा.
• *लायनर / बोअर :* वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी माप. लायनर-पिस्टन सेट बदलता येतो की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागतो?
• *हेड :* वाकलंय का, चीर आहे का. पाण्याच्या प्रेशरवर तपासून घ्या.
• *ब्लॉक :* चीर, मेन बेरिंगच्या जागा शाबूत आहेत का.
• *ऑइल पंप आणि चेंबरमधली गाळणी.*

🔴 *बेरिंग का गेलं, हे विचाराच.* बेरिंग उगाच जात नाही. ऑइल कमी होतं, गाळणी तुंबली होती, ऑइल पंप झिजला होता, ऑइलमध्ये पाणी-डिझेल उतरलं होतं किंवा मापाबाहेर माल भरला जात होता. कारण सापडलं नाही तर नवं बेरिंगही त्याच वाटेने जाणार.

*६) ⚖️ आता निर्णय : पाच वाटा आहेत*

*पहिली : वरवरचं काम.* टॅपेट, नोझल, फाउंडेशन, चेन. तपासणीत खालचं इंजिन चांगलं निघालं तर इथेच थांबा.

*दुसरी : हाफ काम.* क्रँकची मापं बरोबर आहेत, फक्त बेरिंग किंवा रिंग गेल्यात. खर्च कमी. पण क्रँकवर चरे असताना "तसंच नवं बेरिंग टाकू" असं केलं तर ते टिकत नाही.

*तिसरी : फुल काम.* क्रँक ग्राइंडिंग, लायनर-पिस्टन, हेड, ऑइल पंप, सगळी पॅकिंग. ही वाट कधी बरोबर? ब्लॉक, हेड शाबूत आहेत, क्रँकला घासायला जागा आहे, अस्सल पार्ट मिळतात, हात चांगला असलेला मिस्त्री आहे आणि बाकीची गाडी (चॅसी, गिअरबॉक्स, बॉडी) धड आहे. यात एक मोठा फायदा : आत काय घातलंय ते तुम्हाला माहीत असतं.

*चौथी : इंजिन बदल.* ब्लॉक फुटला, क्रँक शेवटच्या मापाच्याही खाली गेला किंवा फुल कामाचा खर्च बदलाच्या बरोबरीला आला, तर ही वाट. यात दोन प्रकार. कंपनीकडून नवं हाफ इंजिन (ब्लॉक, क्रँक, पिस्टन बसवून आलेलं) महाग पण खात्रीचं. मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ अशा पार्टच्या बाजारांतून माहितीने आणलेलं जुनं इंजिन स्वस्त आणि झटपट, पण ते आत किती झिजलंय हे बाहेरून कळत नाही.

*पाचवी : गाडी आहे तशी विकणे.* यात कमीपणा काही नाही. हिशोब तसं सांगत असेल तर हीच वाट शहाणपणाची.

*७) 🧮 हिशोब कसा मांडायचा?*

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. तुमच्या गाडीचे आकडे बाजारात विचारून घाला.

*गाडी क्र. १* : आहे तशी विकली तर १,४०,००० रुपये. इंजिन चांगलं असताना २,८०,०००. फरक *१,४०,०००.*
फुल काम ९०,००० + गाडी उभी राहिल्याने १२ दिवसांचं भाडं (रोज १,५००) १८,००० = *१,०८,०००.*
फरक खर्चापेक्षा ३२,०००ने जास्त आहे. काम करणं परवडतं.

*गाडी क्र. २* : आहे तशी ६०,०००. चांगली असताना १,२०,०००. फरक *६०,०००.*
खर्च तोच *१,०८,०००.* म्हणजे ४८,००० रुपये गाडीत घालून परत मिळणार नाहीत. इथे काम करायचं तर त्याला दुसरं कारण हवं. ही गाडी अजून चार-पाच वर्षं घरीच वापरायची आहे आणि बाकी सगळी मजबूत आहे, असं असेल तर ठीक.

*जुनं इंजिन घातलं तर* : समजा बसवून ७०,००० + ४ दिवसांचं भाडं ६,००० = *७६,०००.* पहिल्या गाडीला हे ३२,०००ने स्वस्त दिसतं. पण ते इंजिन सहा महिन्यांत गेलं तर हाच खर्च पुन्हा. म्हणून स्वस्तपणाबरोबर जोखीमही मोजा.

हिशोबात या गोष्टी विसरू नका :
✅ खोलल्यावर मागून निघणारं काम : अंदाजपत्रकावर १५-२० टक्के जादा धरा. टर्बो, क्लच प्लेट, रेडिएटर, होज यात येतात.
✅ गाडीचं वय : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग तपासणी करून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. १४ वर्षांच्या गाडीत लाखभर रुपये घालण्याआधी ती पुढच्या तपासणीत पास होईल का, ते बघा. माल वाहतुकीच्या गाडीला फिटनेस लागतोच.
✅ हंगाम : ऐन काढणीत घाईत केलेलं काम महाग आणि कच्चं होतं. गाव-गटातल्या दोन-तीन सभासदांनी मिळून एक गाडी भाड्याने धरली तर आठ-दहा दिवस निघतात आणि काम नीट होतं.

*८) 📄 इंजिन बदलताना कागद*

इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. तोच ब्लॉक ठेवून काम केलं तर कागदात बदल नाही. ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन बदललं की क्रमांक बदलतो. *मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे त्यासाठी नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते आणि आर.सी.वर नवा क्रमांक चढवून घ्यावा लागतो.* आपल्या एमएच-२५च्या गाड्यांसाठी धाराशिवच्या परिवहन कार्यालयात इंजिन विकत घेण्याआधीच चौकशी करा. गाडीवर कर्ज असेल तर बँक-फायनान्सचं लेखी संमतीपत्र घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. क्रमांक जुळला नाही तर फिटनेस, विक्री आणि अपघाताचा दावा, तिन्ही ठिकाणी अडचण येते.

जुनं इंजिन घेताना :
• क्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे. खोडलेला, घासलेला असेल तर हात लावू नका. चोरीचा माल निघाला तर गाडी जप्त होऊ शकते.
• विक्रेत्याचं पक्कं बिल, त्यावर इंजिन क्रमांक. इंजिन कोणत्या गाडीतून काढलं, त्याच्या आर.सी.ची प्रत.
• आपल्या गाडीचंच मॉडेल आणि तेच प्रदूषण मानक हवं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांचं इंजिन, सेन्सर, वायरिंग वेगळं असतं. नुसतं "सेम इंजिन आहे" यावर जाऊ नका.
• शक्य असेल तर चालू करून बघा, कॉम्प्रेशन आणि ऑइल प्रेशर मोजा. किमान चेंबर खोलून एक-दोन बेरिंग बघा.
• किती दिवसांची हमी आणि त्यात काय बदलून मिळणार, हे बिलावर लिहून घ्या.

*९) 🚫 यांना भुलू नका*

❌ "जाड ऑइल टाका, आवाज जातो." आवाज दबतो, झीज चालूच राहते. उलट गार इंजिनात जाड ऑइल बेरिंगपर्यंत पोचायला उशीर लागतो. जुनी गाडी विकत घेतानाही सावध राहा : ठोका लपवायला हीच युक्ती करतात. गाडी सकाळी गार असताना बघायला जा.
❌ "ही बाटली ओता, इंजिन नवं होतं." झिजलेली धातू बाटलीने परत येत नाही.
❌ "पार्ट मी आणतो, बिल नको." पार्टचं बिल घ्या आणि *काढलेले जुने पार्ट घरी न्या.* काय बदललं, काय नाही, याचा तोच पुरावा.

*१०) 🌱 काम झाल्यावर*

• बसवण्याआधी ब्लॉक-क्रँकच्या ऑइलच्या वाटा, ऑइल कूलर, पाइप धुऊन घेतले ना, ते विचारा. जुना कीस आत राहिला तर नवी बेरिंग तोच खातो.
• पहिले हजार किलोमीटर पूर्ण माल नको. तुळजापूर, येडशीकडचे घाट भरल्या गाडीने एका दमात रेटू नका. एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, उभ्या गाडीत इंजिन तासभर चालू ठेवू नका.
• ५०० ते १,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. तो फिल्टरही कापून बघा.
• रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, आत क्षार बसतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात इंजिन तापतं. कूलंटच वापरा.
• मळणीच्या धुळीत आणि कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बघा. आत गेलेली धूळ लायनर-रिंगला सँडपेपरसारखी घासते.
• दर आठवड्याला, गाडी चालू करण्याआधी, ऑइलची पट्टी बघा. घरातल्या एकाकडे हे काम ठरवून द्या.

*थोडक्यात :* लाल दिवा लागला, थांबा. आवाज ओळखा. पाच तपासण्या करा. खोललं तर मापं कागदावर घ्या. मग फरक आणि खर्च मांडून ठरवा. मिस्त्रीवर विश्वास जरूर ठेवा, चांगला मिस्त्री स्वतःच मापं दाखवतो.

तुमच्याकडे लेथची मापाची चिठ्ठी किंवा अंदाजपत्रक असेल आणि समजत नसेल, तर त्याचा फोटो कंपनीच्या गटप्रमुखाला दाखवा. दोघं मिळून या यादीप्रमाणे तपासा. सहीच्या आधी दाखवा, नंतर नाही.

ज्यांच्या घरी चारचाकी आहे त्या सभासदांना हा संदेश पुढे पाठवा. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना वाचून दाखवा.

गाडी जपा, स्वतःला जपा. 🙏